दोन मार्कांची व्याख्या, दहा मार्कांची भानगड

‘पावभाजी’ म्हणायला गेलात आणि तोंडातून ‘भावपाजी’ निघालं, तर लाजू नका. इंग्रजीत याला स्पूनरिझम म्हणतात. इंग्लिश लिटरेचरच्या पोरांना यावर चक्क शॉर्ट नोट येते!

माहीत आहे का, हा स्पूनर खराखुरा माणूस होता? रेव्हरंड विल्यम आर्चिबाल्ड स्पूनर, जन्म १८४४, मृत्यू १९३०. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजचे ते १९०३ ते १९२४ वॉर्डन होते, म्हणजे आपल्याकडचे प्रिन्सिपॉलच समजा. नावात चमचा आणि ढवळायचे ते शब्द!

आता खरी गंमत. त्यांच्या नावावर खपणारे बहुतेक विनोदी घोळ त्यांनी केलेलेच नाहीत. कॉलेजच्या पोरांनी ते रचले आणि सरांच्या नावाने फिरवले. सरांची टर उडवणारं पब्लिक कुठल्या कॉलेजात नसतं? इथे मात्र त्या टिंगलीने थेट डिक्शनरी गाठली. सरांचा एक किस्सा मात्र अजून सांगितला जातो. टेबलक्लॉथवर वाइन सांडली की डाग पडू नये म्हणून तिच्यावर मीठ टाकायची तिकडे पद्धत. एका जेवणात सरांच्या हातून मीठ सांडलं. सरांनी शांतपणे ग्लास उचलला आणि त्या मिठावर थेंब थेंब वाइन ओतली. स्पूनरिझम, विथ अ‍ॅक्शन!

गाईडात ही भानगड सापडणार नाही. तिथे फक्त व्याख्या असते, ठळक टायपात, घोकायला. म्हणून आज व्याख्यांना सुट्टी!

आर्थिक अभिनंदन!

सोसायटीच्या गॅदरिंगमध्ये एखादे काका माइक हातात घेऊन विजेत्यांचं ‘आर्थिक अभिनंदन’ करतात आणि विजेते पाकिटाची वाट बघत बसतात. ही झाली मॅलाप्रॉपिझमची केस. शब्द भारदस्त, जागा चुकलेली.

हे नाव पडलं मिसेस मॅलाप्रॉप नावाच्या बाईंवरून. रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडनच्या ‘द रायव्हल्स’ या १७७५ च्या नाटकातलं हे पात्र. बाईंना जड जड शब्दांचा भारी सोस, आणि प्रत्येक शब्द शेजारच्या घरात शिरलेला.

पण कॉपीराइटचा प्रश्न आलाच तर शेक्सपिअर कोर्टात जिंकेल. त्याच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मधला हवालदार डॉगबेरी हाच उद्योग मॅलाप्रॉपबाईंच्या दीडशेहून जास्त वर्षं आधी करत होता. त्याच्या नावाचाही शब्द आहे, डॉगबेरीइझम. तो चालला नाही. मार्केटिंग, दुसरं काय!

केमिस्ट्री बंक न करता

माहीत आहे का, कवितेचा एक अख्खा प्रकार केमिस्ट्रीच्या कंटाळ्यातून जन्माला आलाय? लंडनच्या सेंट पॉल्स स्कूलमध्ये सोळा वर्षांचा एडमंड क्लेरिह्यू बेंटली तासाला बसला होता. विषय निघाला शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीचा. पठ्ठ्याने वहीत डेव्हीवरच चार ओळी खरडल्या. पहिल्या ओळीत माणसाचं नाव, मग त्याची चरित्रात्मक फिरकी, यमक दोन-दोन ओळींचं आणि ओळींची लांबी वाट्टेल तेवढी. प्रकाराचं नाव पडलं क्लेरिह्यू. १९०५ साली त्याचं पुस्तक निघालं तेव्हा चित्रं काढली शाळेतल्या दोस्ताने. दोस्त कोण? जी. के. चेस्टरटन!

म्हटलं, आपणही एक ट्राय मारूया:

एडमंड क्लेरिह्यू बेंटली
यांना केमिस्ट्री भलतीच कंटाळवाणी वाटली.
सरांचा सोडियमसाठी हट्ट,
यांची मात्र यमकाशी गट्टी घट्ट!

बघा, दोन मिनिटांत जमतंय. तुमच्या एचओडींवर करून पाहा. अ‍ॅटेंडन्स पूर्ण असेल तरच हं.

नॉन्सेन्स, मेड इन मुंबई

लिमरिक म्हटलं की एडवर्ड लिअर. १८४६ साली त्याचं ‘अ बुक ऑफ नॉन्सेन्स’ आलं आणि पाच ओळींचा वात्रटपणा घरोघरी पोचला. गंमत म्हणजे ‘लिमरिक’ हा शब्द लिअरने स्वतः वापरलाच नाही! ते बारसं नंतर लोकांनी केलं.

आणि माहीत आहे का, हा लिअर मुंबईला आला होता? १८७३ मध्ये. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक त्याचा मित्र, त्याच्या आमंत्रणावरून स्वारी चित्रं काढायला हिंदुस्थानात उतरली. इथल्या साहेबांच्या तोंडी असलेले देशी शब्द त्याच्या कानावर पडले आणि त्यातून निघाली ‘द कमरबंड’ नावाची कविता. ती छापून आली १८७४ मध्ये, मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात.

कवितेत काय? एक बाई निवांत बसल्या आहेत. कशावर? धोब्यावर! आजूबाजूला उंच उंच खानसामे उगवलेत. नदीत सोनेरी परांचे चपराशी पोहतायत. झाडाच्या शेंड्यावर हिरव्या आया बसल्यात. जांभळ्या नाल्यांना फांद्या फुटल्यात. शेवटी अक्राळविक्राळ कमरबंद येतो आणि बाईंना गिळून टाकतो. लंडनच्या वाचकाला हे सगळं गूढ, पौर्वात्य वगैरे वाटलं असेल. मुंबईकर मात्र त्या दिवशी पेपर वाचता वाचता चहा सांडून बसला असणार. माझ्या मते नॉन्सेन्स या टर्मचं याहून झकास उदाहरण सापडणार नाही, आणि ते नेमकं आपल्या गाईडांतून गायब!

ओठांना सक्त मनाई

आता जरा सर्कस. माहीत आहे का, एका माणसाने पन्नास हजारांहून जास्त शब्दांची इंग्रजी कादंबरी ‘ई’ हे अक्षर टाळून लिहिली? अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट, कादंबरी ‘गॅड्सबी’, साल १९३९. इंग्रजीत सगळ्यात जास्त वापरलं जाणारं अक्षरच ‘ई’. ते गेलं की ‘द’ गेला, ‘ही’ गेला, ‘शी’ गेली आणि भूतकाळातले निम्मे क्रियापद-प्रत्यय गेले. चुकून बोट पडू नये म्हणून गड्याने टाइपरायटरची ‘ई’ची दांडीच बांधून ठेवली होती. या प्रकाराला म्हणतात लिपोग्राम.

फ्रान्समध्ये जॉर्ज पेरेकने १९६९ साली हाच पराक्रम फ्रेंचमध्ये केला. ज्याच्या स्वतःच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये चार वेळा ‘ई’ येतो, त्याने! गिल्बर्ट अडेरने त्याचं इंग्रजी भाषांतरही ‘ई’विना केलं. स्पॅनिशवाले आणखी बेरकी. त्यांच्या भाषेत ‘ए’ची चलती, म्हणून त्यांनी ‘ए’ हाकलला. आणि पेरेक? त्याने पुढे १९७२ मध्ये असं पुस्तक लिहिलं ज्यात ‘ई’ सोडून दुसरा स्वरच नाही. वाचवलेला माल खपवायला नको?

पण टाळ्या राखून ठेवा, कारण आपला माणूस अजून यायचाय.

संस्कृतात दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्त नावाचा राजकुमार आपली गोष्ट सांगतो. पण प्रेयसीच्या दंतव्रणांनी बिचाऱ्याचे ओठ दुखतायत, ओठाला ओठ लावायची सोय नाही! म्हणून तो अख्खा भाग प, फ, ब, भ, म ही अक्षरं वगळून रचलाय. कारण इतकं रोमँटिक की राइटसाहेबांची बांधलेली दांडी एकदम सरकारी वाटू लागते.

आणि आता बारामती! मोरोपंतांनी १०८ रामायणं रचली, त्यांतलं एक ‘निरोष्ठ रामायण’. नावच सांगतंय, ओठांना काम नाही. एक मिनिट थांबा आणि विचार करा. रामाची गोष्ट सांगायची आणि ‘म’ बंद! म्हणजे नायकाचं नावच घेता येत नाही. राघव म्हणा, दाशरथी म्हणा, पण राम म्हणायचं नाही. पेरेकला कोणीतरी हे सांगायला हवं होतं.

करून बघायचंय? हे मोठ्याने वाचा: दादा, चहा ठेव, आलं टाक, साखर थोडी कर आणि खारी दे. ओठ टेकले का एकदा तरी? नाही ना! पण बिल मागताना मात्र टेकतात. टपरीवाल्यांसाठी दुःखद बातमी.

रिकाम्या जागा भरा

सॉनेटच्या ओळी किती? चौदा. पेपरात हेच लिहा, वाद घालू नका. पण आपल्यातुपल्यात सांगायचं तर खुद्द शेक्सपिअरने दांडी मारलीय. १६०९ मध्ये त्याची १५४ सॉनेट्स छापली गेली. त्यांतल्या ९९व्या सॉनेटला ओळी पंधरा, आणि १२६व्याला बाराच. त्या बारा ओळींखाली छापखान्याने काय केलं असेल? दोन ओळींच्या जागी नुसते रिकामे कंस छापले! जगातला सगळ्यात फेमस ‘रिकाम्या जागा भरा’ हाच.

मराठीत सॉनेट आणलं केशवसुतांनी. १८९२ ची ‘मयूरासन आणि ताजमहाल’. त्यांनी या प्रकाराला नाव दिलं होतं चतुर्दशक. पुढे ‘सुनीत’ आलं आणि जिंकलं. चांगलं झालं. ‘चतुर्दशक’ ऐकून एखाद्या तिथीला काय खायचं नाही असंच वाटतं.

क्रेनवाल्या, जपून रे!

सगळं हाताबाहेर गेलं की अचानक देव प्रकट होतो आणि पाच मिनिटांत निकाल लावतो. याला म्हणतात डेउस एक्स माकिना, यंत्रातून आलेला देव. अलंकारिक वगैरे काही नाही. ग्रीक नाटकात खरीखुरी क्रेन असायची आणि नट तिला लटकून रंगमंचावर उतरायचा. युरिपिडीसची मीडिया तर शेवटी रथात बसून उडूनच जाते. अ‍ॅरिस्टॉटलला हे आवडलं नाही. टीकाकाराला कधी आवडलंय?

युरिपिडीसच्याच काळात अ‍ॅरिस्टोफेनीसने या यंत्राची फिरकी घेतली. ‘पीस’ या इसवी सनपूर्व ४२१ च्या नाटकात नायक शेणकिड्यावर बसून स्वर्गाकडे निघतो आणि मध्येच घाबरून वर ओरडतो, अरे क्रेनवाल्या, जरा सांभाळून! अडीच हजार वर्षांपूर्वीचा बॅकस्टेज जोक. आजही कुठल्याही एकांकिका स्पर्धेत चालेल.

चेकॉव्हची बंदूक आठवते? पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक दिसली तर पुढे ती सुटलीच पाहिजे, नाहीतर टांगू नका. नाट्यशिबिरात हे पहिल्याच दिवशी ऐकवतात. आणि स्वतः चेकॉव्ह? १९०४ च्या ‘द चेरी ऑर्चर्ड’मध्ये एका पात्राकडे जुनी बंदूक आहे, दुसऱ्याकडे रिव्हॉल्व्हर. दोन्ही शेवटपर्यंत गपगार!

दरीच्या टोकावरची कपडेपट्टी

क्लिफहँगर! रात्रीच्या मालिकेत सुनेच्या हातातून ताट पडतं, कॅमेरा तीन वेळा झूम होतो आणि एपिसोड संपतो. पण शब्दशः कड्याला लटकलेला माणूस बघायचाय? थॉमस हार्डी, ‘अ पेअर ऑफ ब्लू आइज’. मासिकातून १८७२-७३ मध्ये क्रमशः आलेली कादंबरी. हेन्री नाइट नावाचे विद्वान समुद्रकड्यावरून घसरतात आणि दोन हातांवर लोंबकळत राहतात. डोळ्यांसमोर दगडात काय? कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या ट्रायलोबाइटचा जीवाश्म, त्यांच्याकडे टक लावून बघतोय!

नायिका एल्फ्रीड काय करते? आतले कपडे उतरवते, त्यांच्या पट्ट्या फाडते, गाठी मारते आणि दोर करून साहेबांना वर काढते. व्हिक्टोरियन जमान्यात, फॅमिली मासिकात! आपल्या चॅनेलवाल्यांनी अजून हा सीन उचलला नाही हेच आश्चर्य.

वाचकांना चकवायला लेखक खोटा धागा सोडतो, तो रेड हेरिंग. हेरिंग हा मासा, धुरी दिली की लाल होतो आणि भयंकर वास मारतो. इंग्लंडमधल्या विल्यम कॉबेटने १८०७ मध्ये लिहिलं की असा मासा फरफटवून आपण शिकारी कुत्र्यांची वाट चुकवली होती. ज्यांच्या शेजारी सुके बोंबील भाजले जातात, त्यांना ही थिअरी समजवायची गरज नाही.

बापाची लेखणी, लेकाचा कायदा

आयरनीवर टीप लिहायचीय? ही घ्या, आयुष्यभर पुरेल.

एडवर्ड बुलवर-लिटन नावाचे कादंबरीकार होते. १८३० मध्ये त्यांनी ‘पॉल क्लिफर्ड’ची सुरुवात काळोख, वादळ आणि पाऊस यांच्या अशा लांबलचक वर्णनाने केली की पुढे ती वाईट सुरुवातीचा नमुनाच ठरली. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीत १९८२ पासून त्यांच्या नावाने स्पर्धा सुरू झाली. बक्षीस कशाला? कादंबरीच्या सर्वांत भिकार पहिल्या वाक्याला!

पण याच गृहस्थांनी १८३९ च्या ‘रिशल्यू’ नाटकात ते जगप्रसिद्ध वाक्य लिहिलं. तलवारीपेक्षा लेखणी भारी, असं सांगणारं. शाळेच्या निबंधात तुम्हीही ते दहा वेळा वापरलंय, आणि वर ‘थोर विचारवंतांनी म्हटले आहे’ असं लिहिलंय.

आता श्वास रोखा. त्यांचा मुलगा रॉबर्ट लिटन १८७६ मध्ये हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला, आणि १८७८ मध्ये त्यानेच व्हर्नाक्युलर प्रेस अ‍ॅक्ट आणला. मराठी, बंगाली आणि इतर देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा. लेखणी खरंच भारी असते, हे वडिलांनी लिहिलं, घाबरला मुलगा! कायद्यात मेख एकच होती: तो इंग्रजी पत्रांना लागू नव्हता. कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने रातोरात इंग्रजी अवतार घेतला आणि सरकार बघत बसलं. इंग्रजी सुधारण्याचं इतकं जबरदस्त कारण कुठल्या स्पोकन इंग्लिशवाल्याने तरी दिलंय का?

आणि हो, व्हाइसरॉयसाहेब स्वतः कवी होते. ओवेन मेरेडिथ या टोपणनावाने लिहायचे. पुढे लॉर्ड रिपन आले आणि तो कायदा गेला.

झटपट राउंड!

नायिका रडली की पाऊस, नायक चिडला की वीज. ही पॅथेटिक फॅलसी, टर्म जॉन रस्किनची, १८५६. नावात ‘पॅथेटिक’ आहे म्हणून घाबरू नका. हिंदी सिनेमा त्यावरच उभा आहे.

इंग्रजीत ‘ऑरेंज’ला धड यमक मिळत नाही. कवींची फारच अडचण झाली तर वेल्समधल्या ब्लॉरेंज नावाच्या डोंगरावर चढावं लागतं. आणि आपलं संत्रं? मंत्र, तंत्र, यंत्र, हवं तेवढं! नागपूरकर, कॉलर टाइट करा.

ब्रेकफास्ट अधिक लंच बरोबर ब्रंच, १८९५ मधला गाय बेरिंजरचा शोध. शनिवारी रात्री जागरण करणाऱ्यांना रविवारी सकाळी उठायला लागू नये, हा त्याचा उदात्त हेतू. दोन शब्द एका पेटीत कोंबायच्या या युक्तीला ‘पोर्टमँटो’ म्हणायला शिकवलं लुइस कॅरोलच्या हम्प्टी डम्प्टीने, १८७१ मध्ये. भिंतीवर बसून. पडायच्या आधी.

पुस्तकातला ‘घाण’ भाग कापणं म्हणजे बाउडलराइझ करणं. थॉमस बाउडलर यांच्या नावावरून. ‘फॅमिली शेक्सपिअर’मध्ये ऑफेलियाचा मृत्यू निव्वळ अपघात झाला आणि वेश्येचं एक पात्र नाटकातून गायबच झालं. पण १८०७ ची पहिली आवृत्ती मुळात केली होती त्यांची बहीण हेन्रिएटाने, नाव न लावता. लावणार कशी? कुमारिकेला नेमकी कापायची वाक्यं कळलीच कशी, असं लोकांनी विचारलं असतं!

पूर्णविराम? कुठाय?

स्ट्रीम ऑफ कॉन्शसनेस, म्हणजे मनातल्या विचारांचा प्रवाह, हा शब्दप्रयोग रूढ केला विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने, १८९० मध्ये. त्याचा सख्खा भाऊ कादंबरीकार हेन्री जेम्स. घरात जेवताना काय बोलत असतील!

जेम्स जॉइसने १९२२ च्या ‘युलिसिस’मध्ये हा प्रवाह असा सोडला की शेवटचं अख्खं प्रकरण आठ वाक्यांत संपतं आणि पूर्णविराम जेमतेम दोन. तुम्ही पेपरात असं लिहिलंत तर लाल पेन; जॉइसने लिहिलं तर पीएचडी. ‘फिनेगन्स वेक’मध्ये तर त्याने ढगांच्या गडगडाटासाठी दहा शब्द बनवले. नऊ शब्द प्रत्येकी १०० अक्षरांचे, दहावा १०१. बेरीज करा. १००१! अरबी रात्रींची आठवण आली ना?

पण विरामचिन्हं नसण्यात जॉइसने काय विशेष केलं, असं मोडी वाचणारे आजोबा विचारतील. मोडीत एकदा ओळ ओढली की शब्द एकाला एक चिकटून धावत सुटायचे, मध्ये ना जागा ना स्वल्पविराम. मराठीत ही चिन्हं रुजवली ती मेजर थॉमस कँडी या इंग्रजाने. १८५० मध्ये त्याने ‘विरामचिन्हांची परिभाषा’ नावाचं पुस्तकच लिहिलं. मराठी वाक्याला श्वास घ्यायला शिकवणाऱ्या माणसाचं आडनाव कँडी. गोडच की!

प्रश्न आणि आश्चर्य एकाच चिन्हात हवंय? तेही आहे. १९६२ मध्ये मार्टिन स्पेक्टर या अमेरिकन जाहिरातवाल्याने प्रश्नचिन्हावर उद्गारचिन्ह चढवलं आणि नाव दिलं इंटरोबँग. १९६८ मध्ये रेमिंग्टनच्या टाइपरायटरवर त्याची स्वतंत्र कळही आली. टिकलं नाही बिचारं. व्हॉट्सअ‍ॅपच्या जमान्यात जन्मलं असतं तर राज्य केलं असतं.

आणि पुस्तक उलटं केलं की मागे छापलेला तो गोडगोड मजकूर? ब्लर्ब. १९०७ मध्ये गेलेट बर्जेस या अमेरिकन विनोदी लेखकाने एका प्रकाशकांच्या डिनरसाठी स्वतःच्या पुस्तकाचं खास वेष्टण छापलं. त्यावर तोंडाशी हात नेऊन बोंब ठोकणारी एक बाई आणि तिचं नाव मिस बेलिंडा ब्लर्ब. नाव चिकटलं, बाई विसरल्या गेल्या. १९१४ मध्ये बर्जेसने आपल्या विनोदी शब्दकोशात त्याचं क्रियापदही करून टाकलं. त्याच्या हिशेबाने ब्लर्बणं म्हणजे काय, माहीत आहे का? प्रकाशकासारखा आवाज काढणं!